पत्रकावर नसलेले नाव : एला बेकर आणि काळ्यांची मतदार-चळवळ

१

आमच्या वस्तीतील जयंती मंडळाचा मी काही वर्षे चिटणीस होतो. वस्तीत पदवीपर्यंत पोचलेला पहिला मुलगा म्हणून ते काम आपोआपच माझ्याकडे आले. जयंतीचे पत्रक मी लिहीत असे. एका वर्षीच्या पत्रकावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार आणि सदस्य धरून बेचाळीस नावे होती. त्यांत एकही बाई नव्हती. वर्गणी मात्र बायकांनी गोळा केली होती. कोणाच्या घरी कोणत्या दिवशी पगार होतो, कोणाकडे आज मागितले तर मिळणार नाही पण शनिवारी मिळेल, कोणत्या दोन घरांचे भांडण मिटवल्याशिवाय मिरवणूक त्या गल्लीतून जाणार नाही, हे सारे माझ्या आईला आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच जणींना ठाऊक होते. आईला लिहिता येत नव्हते. ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवी आणि मी त्या रेघा वहीत उतरवून घेई. वहीवर खजिनदार म्हणून दुसऱ्याच एका गृहस्थांची सही होई. यात काही चुकते आहे असे मला तेव्हा वाटले नाही. ते पत्रक माझ्याच हातचे होते, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकणे मला आवश्यक वाटते.

पुढे महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो. अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या चळवळीला परका नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स ही नावे आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असतात. पण ज्या बाईने या लढ्याची बांधणी कशी करायची हे दोन पिढ्यांना शिकवले, त्या एला बेकर यांचे नाव घेतल्यावर वर्गात आणि अभ्यासवर्गातही प्रश्नार्थक चेहरेच दिसतात. हा केवळ माहितीचा अभाव नाही. इतिहास व्यासपीठाकडे तोंड करून लिहिला, की व्यासपीठ ज्यांनी उभे केले ते लिहिणाऱ्याच्या पाठीमागे राहतात. म्हणून हा लेख.

२

एला जोसेफिन बेकर यांचा जन्म १३ डिसेंबर १९०३ रोजी व्हर्जिनियातील नॉरफोक येथे झाला. बालपण उत्तर कॅरोलायनातील लिटलटन या खेड्यात गेले. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. मालकाने ठरवलेल्या पुरुषाशी लग्न करायला तिने नकार दिला आणि त्याबद्दल तिला नांगराला जुंपण्यात आले. ही हकिकत एलांनी लहानपणी आजीच्याच तोंडून ऐकली होती. आई बाप्टिस्ट स्त्रियांच्या मिशनरी मंडळात काम करी. त्या मंडळात सभा बायकाच चालवीत, हिशेब बायकाच ठेवीत आणि भाषणेही बायकाच करीत. सभा चालवायला पुरुष लागतो, हा समज या मुलीच्या मनात रुजायला मुळी जागाच नव्हती.

रॅली येथील शॉ विद्यापीठातून १९२७ मध्ये पहिल्या क्रमांकाने पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या. पाठोपाठ महामंदी आली. ग्राहक सहकारी संस्था, कामगारांचे शिक्षण अशी कामे करीत असतानाच १९३५ मध्ये त्यांनी मार्व्हल कुक यांच्यासह ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. ब्रॉंक्समधील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर काळ्या बायका सकाळपासून उभ्या राहत आणि गोऱ्या घरच्या बायका येऊन तासाला काही सेंट ठरवून त्यांना कामाला घेऊन जात, त्याविषयीचा तो लेख होता. आपल्याकडचा मजूरनाका ज्याने पाहिला आहे त्याला ते चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वंश, वर्ग आणि बाईपण या तिन्ही गाठी एकाच दोरीला आहेत, हे बेकर यांना पुस्तकातून नव्हे, त्या कोपऱ्यांवरून कळले.

एन.ए.ए.सी.पी. ही काळ्यांची सर्वांत जुनी मोठी संघटना. १९४० च्या सुमारास बेकर तिच्या क्षेत्रीय कामात आल्या आणि वर्षातील कित्येक महिने दक्षिणेतील राज्यांत एकट्या हिंडल्या. न्हाव्याचे दुकान, चर्च, शाळा, कोणाचे तरी स्वयंपाकघर, अशा ठिकाणी त्यांच्या बैठका होत. १९४३ मध्ये त्यांना शाखांच्या संचालक नेमण्यात आले. या नेमणुकीपूर्वी त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही. या काळात संघटनेची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या आसपासून चार लाखांच्या पलीकडे गेली. त्याचे सारे श्रेय एकट्या बेकर यांना देणे बरोबर नाही, युद्धकाळाने काळ्यांची अस्मिता जागी केली होती हेही खरे. परंतु वाढलेल्या सभासदांचे काय करायचे, हा प्रश्न मुख्य कार्यालयात त्या सतत विचारीत राहिल्या. वर्गणी भरणारा सभासद वेगळा आणि स्वतःच्या गावात स्वतःचा प्रश्न हाती घेणारा सभासद वेगळा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी स्थानिक कार्यकर्त्यांची प्रशिक्षण शिबिरे घेतली. १९४६ च्या अशा एका शिबिरात माँटगोमेरीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई हजर होत्या. त्यांचे नाव रोझा पार्क्स. त्याच वर्षी, निर्णय वरून होतात आणि शाखांना विचारले जात नाही, या मतभेदावरून बेकर यांनी राजीनामा दिला.

३

डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६ हा माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराचा काळ. रोझा पार्क्स यांना अटक झाल्यावर रातोरात हजारो पत्रके चक्रमुद्रित करून वाटणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होत्या. शहरातील स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. बहिष्कार यशस्वी झाला तो पायी चालत कामाला जाणाऱ्या मोलकरणींच्या बळावर. इतिहासाने लक्षात ठेवले ते तरुण धर्मोपदेशक किंग यांना. किंग यांचे मोठेपण मला नाकारायचे नाही. त्यांनी तुरुंग भोगला, शेवटी प्राण दिला. पण चळवळीने किंग घडवले की किंग यांनी चळवळ घडवली, हा प्रश्न बेकर यांनी स्पष्टपणे विचारला आणि त्याचे उत्तरही स्पष्टपणे दिले : चळवळीने किंग घडवले.

बहिष्काराच्या यशातून १९५७ मध्ये सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स स्थापन झाली. तिची पहिली मोठी मोहीम मतदार-नोंदणीची होती. दक्षिणेत काळ्यांना मताचा अधिकार कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदानावर कर बसवला आणि साक्षरतेची व अर्थ सांगण्याची अट घातली. राज्यघटनेतील एखादे कलम वाचायला देऊन त्याचा अर्थ विचारायचा. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार गोरा नोंदणी-अधिकारी. अर्ज केला की मालकाला कळे. मग नोकरी जाई, खंडाची जमीन जाई, रात्री घरावर गोळ्या येत. आपल्याकडे १९५० च्या संविधानाने प्रत्येक प्रौढाला एक मत दिले आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते प्रत्यक्ष वापरता आले. त्याच वर्षांत मिसिसिपीतील काळा शेतमजूर नोंदणी कचेरीची पायरी चढायला धजत नव्हता. बाबासाहेबांनी काय मिळवून दिले याचे मोजमाप अशा तुलनेतही घेता येते.

मोहिमेचा आरंभ १२ फेब्रुवारी १९५८ रोजी, लिंकनच्या जन्मदिनी, सुमारे वीस शहरांत एकाच दिवशी सभा घेऊन करायचा ठरला. दक्षिणेतील काळ्या मतदारांची संख्या दुप्पट करायची, हे उद्दिष्ट. ठराव झाले. पण करणार कोण? बायर्ड रस्टिन आणि स्टॅन्ली लेव्हिसन या न्यूयॉर्कच्या दोघा सहकाऱ्यांनी बेकर यांचे नाव परस्पर देऊन टाकले. याही वेळी त्यांना विचारले नव्हते. त्यांना राग आला आणि तरीही त्या गेल्या. जानेवारीत अटलांटाला पोचल्या तेव्हा कार्यालय नव्हते, टेलिफोन नव्हता, मदतनीस नव्हता. हॉटेलची खोली आणि सार्वजनिक टेलिफोन यांवर काम सुरू झाले. चर्चच्या कचेरीतील माणसे घरी गेल्यावर तेथील चक्रमुद्रण यंत्र त्यांना वापरायला मिळे. वीस शहरांतील माणसे त्यांना नावानिशी ठाऊक होती, कारण पंधरा वर्षांपूर्वी त्या त्यांच्या घरी राहिल्या होत्या. ठरल्या दिवशी सभा झाल्या.

त्यानंतरचा प्रकार मुळातून समजून घेण्यासारखा आहे. कार्यकारी संचालक म्हणून जॉन टिली या धर्मोपदेशकांना नेमण्यात आले आणि बेकर त्यांच्या हाताखाली राहिल्या. १९५९ मध्ये टिली यांना दूर केले तेव्हा जबाबदारी बेकर यांच्यावर आली, पण ती ‘हंगामी’ म्हणून. कायमची नेमणूक झाली ती १९६० मध्ये, वायट टी वॉकर या आणखी एका धर्मोपदेशकाची. बेकर तेव्हा छप्पन वर्षांच्या होत्या आणि संघटनेतील जवळजवळ प्रत्येक पुरुषापेक्षा त्यांचा अनुभव जास्त होता.

याचे कारण एखाद्या व्यक्तीच्या स्वभावात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. ही संघटना चर्चच्या साच्यातून निघाली होती. काळ्यांच्या चर्चमध्ये बाके बायकांनी भरत, निधी बायका जमवीत, जेवण बायका रांधीत, आणि प्रवचनपीठ पुरुषाचे असे. तोच साचा संघटनेत आला. धर्मोपदेशक पुरुषांना बाई सेवेकरी म्हणून परिचयाची होती. बरोबरीने बसून ‘तुमचा निर्णय चुकतो आहे’ म्हणणारी बाई त्यांना पेलत नव्हती. आपण बाई, वयाने मोठ्या आणि धर्मोपदेशक नव्हे, म्हणून येथे नेतृत्वात आपल्याला जागा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, असे बेकर यांनी पुढे सांगितले आहे. सेप्टिमा क्लार्क यांचा अनुभवही हाच. ज्यांच्या नागरिकत्व-शाळांतून हजारो निरक्षर काळी माणसे नोंदणी-अर्ज भरायला शिकली, त्या क्लार्क कार्यकारी मंडळावर होत्या. ‘या बाई मंडळावर कशासाठी?’ हा प्रश्न त्यांच्यादेखत पुन्हा पुन्हा विचारला जाई. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात एकाही स्त्रीला मुख्य भाषण मिळाले नाही. अॅना हेजमन यांनी आधीच निषेध नोंदवल्यावर ‘लढाऊ स्त्रियांना अभिवादन’ असा एक छोटा कार्यक्रम घालण्यात आला. अभिवादन करणे आणि बोलू देणे यांतला फरक आपल्याही व्यासपीठांना चांगला ठाऊक आहे.

४

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या टेबलाशी बसले आणि पाहता पाहता दक्षिणेतील गावोगावी हे सत्याग्रह पसरले. या विखुरलेल्या मुलांनी एकमेकांना भेटले पाहिजे, हे बेकर यांनी ओळखले. संघटनेकडून आठशे डॉलर मिळवून एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत त्यांनी आपल्या जुन्या शॉ विद्यापीठात परिषद बोलावली. दोनशेहून अधिक प्रतिनिधी आले. ज्येष्ठ नेत्यांची इच्छा होती की मुलांनी आपल्या संघटनेची युवक शाखा व्हावे. कोणी कोणत्या राज्याच्या मुलांचे मन वळवायचे याची वाटणी एका बैठकीत सुरू झाली तेव्हा बेकर तेथून उठून बाहेर पडल्या. मुलांना त्यांनी सांगितले ते एवढेच : तुमचे तुम्ही ठरवा. त्यातून ‘स्निक’ ही स्वतंत्र विद्यार्थी समिती जन्मली. हा लढा खानावळीतल्या एका खाद्यपदार्थापुरता नाही, त्याहून मोठा आहे, असे त्यांनी लगेच लिहिले. त्याच वर्षी त्यांनी किंग यांची संघटना सोडली.

व्यूहरचना म्हणजे नकाशावर बाण काढणे, अशी आपली समजूत असते. बेकर यांची व्यूहरचना निराळी होती. १९६० च्या उन्हाळ्यात बॉब मोझेस हा तरुण दक्षिणेत निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या हाती माणसांची नावे दिली. त्यांत मिसिसिपीतील अॅम्झी मूर यांचे नाव होते. मूर यांनी मोझेसला सांगितले की इथे खानावळींपेक्षा मताचा प्रश्न मोठा आहे. पुढची सारी मिसिसिपी मोहीम या एका भेटीतून निघाली. १९६१ मध्ये ‘प्रत्यक्ष सत्याग्रह की मतदार-नोंदणी’ या वादात स्निक फुटायला आली. एरवी बैठकीत गप्प बसून ऐकणाऱ्या, अधूनमधून फक्त प्रश्न विचारणाऱ्या बेकर या वेळी बोलल्या आणि एकाच संघटनेत दोन शाखा ठेवा असे त्यांनी सुचवले. संघटना वाचली. आणि मिसिसिपीत गेल्यावर थोड्याच दिवसांत मुलांना कळले की तिथे नोंदणी-अर्ज भरणे हाच सर्वांत धोक्याचा सत्याग्रह आहे.

५

फॅनी लू हेमर या कापसाच्या मळ्यावरच्या मजूर. काळ्या माणसाला मत देता येते हे त्यांना १९६२ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, प्रथम कळले. ३१ ऑगस्टला त्या नोंदणीला गेल्या आणि परतल्यावर त्याच दिवशी मळ्यावरून हाकलल्या गेल्या. १९६३ च्या जूनमध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. नोव्हेंबर १९६३ मध्ये चळवळीने स्वतःचे समांतर मतदान घेतले. ऐंशी हजारांहून अधिक काळ्यांनी त्यात मत टाकले. ‘यांना मत नकोच आहे’ या गोऱ्यांच्या दाव्याला हे उत्तर होते.

एप्रिल १९६४ मध्ये मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन झाली. राज्यातील अधिकृत डेमोक्रॅटिक पक्ष काळ्यांना आपल्या सभांत येऊ देत नव्हता. म्हणून काळ्यांनी वस्तीपासून जिल्ह्यापर्यंत सभा घेऊन आपले प्रतिनिधी निवडले आणि राष्ट्रीय अधिवेशनात खरे प्रतिनिधी आम्हीच, असा दावा मांडायचे ठरवले. वॉशिंग्टनचे कार्यालय बेकर यांच्याकडे होते. इतर राज्यांतील प्रतिनिधींचा पाठिंबा मिळवणे हे त्यांचे काम. हिशेब असा की प्रतिनिधित्व-तपासणी समितीतील दहा टक्के, म्हणजे अकरा, सदस्यांनी साथ दिली तर वेगळा अहवाल अधिवेशनापुढे जाईल, आणि आठ राज्यांनी मागणी केली तर नावे पुकारून उघड मतदान घ्यावे लागेल. ६ ऑगस्टला जॅक्सन येथील पक्षाच्या अधिवेशनात बेकर यांचे मुख्य भाषण झाले. दोनच दिवसांपूर्वी चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांची प्रेते सापडली होती. दोघे गोरे, एक काळा. काळ्या आईच्या पोराचा खून हा गोऱ्या आईच्या पोराच्या खुनाइतकाच देशाला महत्त्वाचा वाटेपर्यंत आपल्याला विसावा नाही, असे त्या म्हणाल्या. खैरलांजीनंतर आपल्याला या वाक्याचा अर्थ कोणी वेगळा सांगण्याची गरज नाही.

अटलांटिक सिटीत अडुसष्ट प्रतिनिधी गेले. २२ ऑगस्टला हेमर यांनी समितीसमोर साक्ष दिली. ती थेट दूरचित्रवाणीवर चालू असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे वळवले. पण त्या रात्री वाहिन्यांनी साक्ष पुन्हा दाखवली आणि ती देशभर पोचली. मग दडपण आले. समितीतील पाठीराखे एकेक करून गळाले. शेवटी दोन जागांची तडजोड पुढे करण्यात आली, आणि त्या दोन जागांवर कोण बसणार हेही वरूनच ठरले. दोघेही पुरुष : अॅरन हेन्री आणि एड किंग. जिच्या साक्षीने देश हादरला तिचे नाव नाही. राष्ट्रीय पातळीवरचे अनेक नेते ‘स्वीकारा’ म्हणत होते. प्रतिनिधींनी, म्हणजे मजुरांनी, मोलकरणींनी, लहान शेतकऱ्यांनी, स्वतः चर्चा करून ती तडजोड फेटाळली. निर्णय ज्यांचा प्रश्न त्यांनीच घ्यायचा, हा बेकर यांचा वीस वर्षांचा आग्रह त्या दिवशी मिसिसिपीच्या माणसांनी अमलात आणला.

अधिवेशन हरले, पण मोहीम हरली नाही. १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत नोंदलेल्या काळ्या मतदारांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून १९६७ पर्यंत साठ टक्क्यांच्या जवळ पोचले.

६

एला बेकर यांच्याविषयी लिहिताना एक मोह होतो. बलवान माणसांना बलवान नेत्याची गरज नसते, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून काही जण म्हणतात की त्यांना पद नकोच होते, त्या निःस्वार्थी होत्या, पडद्याआड राहणे त्यांनी पसंत केले. यात निम्मे सत्य आहे, आणि निम्मे सत्य धोक्याचे असते. खुर्ची नाकारणे वेगळे आणि खुर्ची नाकारली जाणे वेगळे. एक नेता, बाकी अनुयायी, या रचनेला त्यांचा वैचारिक विरोध होता. पण बाई म्हणून त्यांना ‘हंगामी’ ठेवणाऱ्यांनी तो विचार स्वीकारून तसे केले नव्हते. त्यांनी लगेच दुसरा पुरुष त्या खुर्चीवर बसवला. बाईच्या त्यागाचे कौतुक हे पुष्कळदा पुरुषाच्या सोयीचे दुसरे नाव असते.

आपल्या चळवळीत हे वाक्य किती वेळा ऐकले आहे! ‘तिला पदाची हाव नव्हती.’ मग ज्यांना पदे मिळाली त्यांना हाव होती काय?

नवी पिढी आपोआप शहाणी होते, असेही नाही. बेकर यांनी घडवलेल्या स्निकमध्येच १९६४ मध्ये काही स्त्रियांना आपल्या दुय्यम स्थानाविषयी निनावी टिपण मांडावे लागले. तरीही त्याच संघटनेत रुबी डोरिस स्मिथ रॉबिन्सन १९६६ मध्ये कार्यकारी सचिव झाल्या. म्हणजे साचा मोडता येतो. तो कोणीतरी जाणूनबुजून मोडावा लागतो.

आपल्याकडे हा साचा मोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे उद्देशून सांगितले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे बाबासाहेब तिथे म्हणाले. शांताबाई दाणी यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे काम गावोगाव हिंडून केले. पण या स्त्रियांचा इतिहास एकत्र यायला १९८९ उजाडावे लागले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते केले, तेव्हा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. त्या ‘ही’मध्ये किती वर्षांची वाट पाहणे आहे!

बेकर यांनी लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावले नाही. तरुण कार्यकर्ते त्यांना ‘मिस बेकर’ म्हणत. दक्षिणेत गोरा माणूस काळ्या बाईला तिच्या पहिल्या नावाने हाक मारी, वयाचा मान ठेवीत नसे. म्हणून त्या संबोधनात नुसता आदर नव्हता, राजकारण होते. पुढे त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाचे नाव ‘फुंडी’ असे आहे. स्वाहिली भाषेतल्या या शब्दाचा अर्थ, आपले कसब पुढच्या पिढीच्या हाती देणारा कारागीर. १३ डिसेंबर १९८६ रोजी, आपल्या त्र्याऐंशीव्या वाढदिवशी, त्या वारल्या.

त्यांच्याविषयी वाचल्यानंतरच्या जयंतीला मी मंडळाच्या बैठकीत बायकांची नावे पत्रकावर घालण्याचा विषय काढला. विरोध झाला नाही. अडचण निराळीच निघाली. माझ्या आईचे आणि तिच्या सोबतिणींचे स्वतःचे नाव काय, हे मंडळातील निम्म्याहून अधिक पुरुषांना ठाऊक नव्हते. कोणी अमक्याची आई होती, कोणी तमक्याची बायको. शेवटी मी वही घेऊन दारोदार गेलो आणि ज्यांनी मला लहानपणापासून जेवू घातले त्या बायकांना त्यांची नावे विचारली.

१९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्यात ज्या बायकांनी मोर्चे काढले, तुरुंगात गेल्या, जळलेली घरे पुन्हा उभी केली, त्यांतल्या पुष्कळ जणी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी ठरवलेले डावपेच कोणत्याही पत्रकावर नाहीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या दारी पाठवावे, कार्यकर्त्यांनी आपल्या शाखेच्या जुन्या वह्या उघडाव्यात. सुरुवात नाव विचारण्यापासून करावी लागेल.